संशयाचा फायदा कोणाला?

न्यायालयात एक उदार नियम आहे. पुरावा दोन्हीकडे झुकत असेल, एक साक्षीदार पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला बोट दाखवीत असेल, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि तो सुटतो. आरोपी निष्पाप आहे असे न्यायाधीश म्हणत नाही. गुन्हा शाबीत झाला नाही, एवढेच म्हणतो आणि पुढचा खटला हाती घेतो. या नियमात मोठी माणुसकी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परस्परविरोधी साक्षींचा हा प्रसंग न्यायालयाऐवजी आजाऱ्याच्या खाटेशी उभा राहिला म्हणजे हा नियम एकाएकी लंगडा होतो. तिथे संशयाचा फायदा द्यायचा तरी कोणाला? आजाऱ्याला सोडून द्यायचे म्हणजे रोगाच्या तावडीत सोडून द्यायचे. औषध दिले तर ते एक कृत्य, न दिले तर तेही कृत्यच. ‘शाबीत झाले नाही’ असे म्हणून डॉक्टराला खटला निकालात काढता येत नाही.

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी ही रोगाची कहाणी कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. तिला माझे एवढेच सांगणे की, हा प्रश्न दवाखान्याचा जितका आहे तितकाच घराचाही आहे, आणि त्यात सर्वांत जास्त भरडली जाते ती बहुधा घरातली सूनच.

मी डॉक्टर नाही. मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत मुलांना शिकवतो, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि विज्ञानाशी माझी पुस्तकी ओळख मॅट्रिकपाशीच संपली. पण पौडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकण्यासाठी पदवी लागत नाही. पाच-सहा बाकांमागे एक तरी माणूस असा दिसतो की, त्याच्या मांडीवर एक पिशवी असते आणि पिशवीत तपासण्यांच्या कागदांची चळत. ती पिशवी तो अशी धरतो की, जणू आत जमिनीचा सातबारा आहे. एका कागदावर ‘आहे’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘नाही’. आणि तो बिचारा या आशेने निघालेला असतो की, पुण्यातला मोठा डॉक्टर यातला खोटा कागद कोणता ते सांगेल. दोन्ही कागद खरे असू शकतील, ही कल्पना त्याच्या मनाला शिवत नाही. आपल्यापैकी किती जणांच्या मनाला शिवते?

ज्या रोगाच्या निमित्ताने मी हे लिहीत आहे तो विरळा आहे, पण त्याच्या कुळाचे वर्णन आपल्या भाषेत केव्हाच होऊन बसले आहे. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण ज्याने केली त्याने वैद्यकाचे पुस्तक उघडले नसेल, पण याहून नेमके वर्णन मला तरी सापडलेले नाही. बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात काही द्रव्ये तयार होतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. काही माणसांत ही प्रतिपिंडे परक्यांना सोडून घरच्यांवरच उठतात. ल्युपस हा असाच एक रोग. तो सांधे, त्वचा, मूत्रपिंडे अशा अनेक जागी उपद्रव करतो आणि पुरुषांपेक्षा तरुण स्त्रियांना अधिक गाठतो. त्याचेच एक भावंड म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड विकार. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 साली त्याचे नीट वर्णन केले. या विकारात पेशींच्या स्निग्ध आवरणाशी निगडित द्रव्यांवर प्रतिपिंडे चालून जातात. परिणाम असा की, रक्त नको तिथे गोठते. कधी पायाच्या शिरेत गुठळी होते, कधी ऐन तिशीत पक्षाघाताचा झटका येतो, आणि कधी एखाद्या स्त्रीचा गर्भ पुनःपुन्हा, काही कारण न दिसता, टिकत नाही.

आता या रोगातली खरी मौज पाहा. मौज हा शब्द इथे क्रूर आहे हे मला कळते, पण दुसरा सुचत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहण्याची एक साधी तपासणी असते. रक्त काचेच्या नळीत घेऊन त्यातला पातळ भाग वेगळा काढतात, त्यात काही द्रव्ये मिसळतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. या रोग्यांपैकी अनेकांचे रक्त नळीत उशिरा गोठते. म्हणजे कागद सांगतो, या माणसाचे रक्त पातळ आहे, जरा खरचटले तरी थांबणार नाही, जपा! आणि प्रत्यक्षात त्याच माणसाच्या पायात गुठळी झालेली असते. 1952 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॉन्ली आणि हार्टमन या डॉक्टरांनी ल्युपसच्या रोग्यांत हे गोठण्याला विरोध करणारे द्रव्य नोंदवले, तेव्हा रक्तस्राव हाच त्याचा गुण समजला गेला. 1963 साली मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांना दिसले ते उलटेच. असले द्रव्य अंगात असूनही रोग्यांच्या शिरांत गुठळ्या होत होत्या. पुढे 1972 मध्ये त्याला ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’, म्हणजे ‘ल्युपसमधले रक्त न गोठू देणारे द्रव्य’, असे नाव पडले. मात्र हे द्रव्य ज्यांच्या अंगात असते त्यांतल्या कित्येकांना ल्युपस नसतो, आणि ते शरीरात रक्त गोठवण्याच्याच कामी येते. नावात दोन शब्द आणि दोन्ही फसवे. गावाकडे लंगड्या बैलाचे नाव ‘पवन्या’ ठेवतात, त्यातलाच प्रकार.

कारण विचाराल तर ते फार अवघड नाही. नळीत गोठण्याच्या क्रियेला आधार म्हणून जे स्निग्ध द्रव्य घालतात त्यालाच प्रतिपिंडे चिकटून बसतात, म्हणून तिथे गुठळी रखडते. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडे शिरांच्या अस्तराला आणि रक्तातल्या सूक्ष्म कणांना डिवचतात आणि गुठळीला आमंत्रण देतात. नळीतले रक्त खोटे बोलत नाही. ते नळीतले सत्य सांगते, इतकेच. आमच्या तालुक्यात ताम्हिणीचा पर्जन्यमापक एक आकडा सांगतो आणि हिंजवडीच्या बाजूचा त्याच दिवशी दुसराच सांगतो. म्हणून आम्ही कोणताही मापक मोडून टाकीत नाही. ‘मुळशीत पाऊस किती झाला?’ हा प्रश्नच अर्धवट आहे, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

पण अर्धवट प्रश्नाला मिळालेले उत्तर पुरे समजले, म्हणजे काय अनर्थ होतो, याची कथा याच रोगाच्या पोटात दडलेली आहे. बर्लिनच्या वासरमान यांनी 1906 मध्ये उपदंशाची, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाची, रक्तपरीक्षा शोधून काढली. त्यांना वाटले, आपण त्या रोगाच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे शोधतो आहोत. थोड्याच काळात दिसून आले की, रोगी अवयवाऐवजी निरोगी अवयवाचा अर्क घेतला तरी परीक्षा तशीच उतरते! जंतूंशी तिचा सरळ संबंधच नव्हता. 1941 मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून त्या अर्कातले नेमके स्निग्ध द्रव्य, कार्डिओलिपिन, वेगळे काढले, आणि पुढच्या व्हीडीआरएल परीक्षेत तेच वापरले गेले. आता कार्डिओलिपिन हे त्याच स्निग्ध द्रव्यांच्या कुळातले. तेव्हा ज्याच्या अंगात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आहेत त्याचे रक्त या परीक्षेत ‘उपदंश आहे’ असे सांगू शकते. त्याने जन्मात कधी वाकडे पाऊल टाकलेले नसले तरी!

1935 साली कनेक्टिकट या अमेरिकन राज्याने लग्नाआधी या रोगाची रक्तपरीक्षा सक्तीची केली आणि मागून अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. हेतू उत्तम होता. पण त्या चाळणीत निरोगी माणसेही अडकली. 1949 मध्ये खुद्द जंतू वापरून करायची परीक्षा निघाली, तेव्हा कुठे खरे आणि खोटे निराळे करता येऊ लागले. 1952 मध्ये मूर आणि मोर या डॉक्टरांनी अशा फसव्या निकालांचा तपशीलवार विचार मांडला, आणि पुढच्या काही वर्षांत असे दिसून आले की, ज्यांचा निकाल वर्षानुवर्षे असा फसवा येतो त्यांतल्या काहींना, आणि त्यांत विशेषेकरून स्त्रियांना, पुढे ल्युपस होतो. डाग म्हणून जो कागद त्यांच्या माथी मारला गेला होता तो वस्तुतः दुसऱ्याच रोगाची आगाऊ वर्दी होती. आपल्या महाराष्ट्रात तर आणखी एक वाट आहे. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही हीच परीक्षा फसवी उतरते. एका रोगाने आधीच वाळीत पडलेल्या माणसावर दुसऱ्या रोगाचा शिक्का!

गरोदरपणात ही परीक्षा आपल्याकडेही करीत आले आहेत. समजा, मुळशी धरणाच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतली सून आहे. दोनदा गर्भ टिकला नाही, तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत. रक्ताचा कागद हाती येतो आणि घरातल्या शिकलेल्या दिराला त्यातला तो एक शब्द वाचता येतो. पुढचे मी कादंबरीकार म्हणून रंगवून सांगू शकेन, पण सांगत नाही. वाचकांना ते माहीत आहे. सासूबाई बोलायच्या थांबतात. नवरा रात्री ओटीवर निजतो. माहेरी निरोप जातो. त्या घरात एक माणूस असे आहे की, ज्याला खरे काय ते पक्के ठाऊक आहे, आणि नेमके त्याच माणसाला कोणी विचारीत नाही. ‘आई, मी काही केलेलं नाही हो,’ हे तिचे वाक्य पुराव्यात धरले जात नाही, कारण त्यावर शिक्का नाही.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. कागद आणि माणूस यांच्या साक्षी जुळत नाहीत तेव्हा आपण कागदाला झुकते माप देतो, कारण कागदाला नातेगोते नाही, तो निःपक्षपाती आहे असे आपल्याला वाटते. तो निःपक्षपाती असतो हे खरेच. पण त्याला ज्याबद्दल विचारले नाही त्याबद्दल तो मुकाही असतो. याचा आपल्या घरचाच दाखला आहे. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे लोक आढळले की, ज्यांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचे भासे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालेना. जगाने त्या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव दिले. तपासणी चुकली नव्हती. तिला ‘ए’ आहे का, ‘बी’ आहे का, हे दोनच प्रश्न विचारता येत होते, आणि दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे तिने इमानाने दिले होते. भेंड्यांचे मोठेपण असे की, रक्त आणि कागद जुळेनात तेव्हा त्यांनी रक्ताला दोष दिला नाही.

आणि साधे गणित तरी कुठे कोणी करते? पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इंदापूर तालुक्यातल्या भिगवण येथे 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली. चार हजारांवर प्रौढ माणसांना आधी ‘कुठे दुखते?’ असे विचारले गेले. तपासणी त्यानंतर. प्रश्न आधी आणि सुई मागून, हा क्रम मला फार आवडतो. संधिवाताच्या आमवाती प्रकाराचे प्रमाण तिथे हजारी पाच-सहा निघाले. आता या रोगासाठी जी ‘आरए फॅक्टर’ नावाची रक्तपरीक्षा करतात, ती निरोगी माणसांतही शंभरात चार-पाच जणांत ‘आहे’ म्हणते. सातवीतल्या मुलाला हे उदाहरण घाला. हजार माणसांत रोगी पाच, त्यांतले चार परीक्षेत सापडतील. निरोगी नऊशे पंच्याण्णव, त्यांतले चाळीस-पन्नास विनाकारण अडकतील. म्हणजे सरसकट साऱ्या गावाचे रक्त काढले तर ‘आहे’ असा कागद मिळालेल्या दहा-बारा माणसांत एकच खरा रोगी. जो रोग याहूनही विरळा, त्याचे काय होईल ते वाचकांनी पाटीवर मांडून पाहावे. दुखणे कुठे आहे हे आधी विचारले असेल तर मात्र तोच कागद मोलाचा ठरतो. रोग्याचे बोलणे ही कागदाला जोडलेली पुरवणी नव्हे. त्याच्याविना कागदाला अर्थच येत नाही.

आता त्या वाडीतल्या सुनेकडे परत येऊ. समजा, कोणी शहाण्या डॉक्टरने जंतूची खरी परीक्षा करवली, उपदंशाचा संशय फिटला, आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे सापडली. प्रश्न सुटला? मुळीच नाही. या रोगाचा नियम असा की, प्रतिपिंडे निदान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा सापडली पाहिजेत, कारण साध्या तापानंतरही ती काही काळ दिसतात आणि मावळतात. नियम रास्त आहे. पण पोटातले मूल बारा आठवडे थांबून राहत नाही. मग आज काय करायचे? ॲस्पिरिनची बारीक गोळी द्यायची, की तिच्या जोडीला रोज पोटावर हेपॅरिनचे इंजेक्शनही? विलायतेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोळी आणि इंजेक्शन दोन्ही घेणाऱ्या 45 स्त्रियांपैकी 32 जणींना जिवंत मूल झाले. नुसती गोळी घेणाऱ्या 45 पैकी 19 जणींनाच. निकाल लागला असे वाटते ना? 2002 साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. 98 स्त्रिया, नुसत्या गोळीवर शंभरी 72, जोडीला इंजेक्शन घेऊन 78. म्हणजे फरक आहे असे ठामपणे म्हणता येऊ नये इतकाच. दोन्ही प्रयोग प्रामाणिक माणसांचे. तेव्हा एकाच सुनेचे कागद जुळत नव्हते. आता शास्त्राचेच कागद जुळत नाहीत. बहुतेक डॉक्टर आज दोन्ही देण्याकडे झुकतात. पण इंजेक्शनांना पैसा लागतो, अंगावर काळेनिळे डाग पडतात, रक्तस्रावाचे भय असते. आणि ज्या रोग्यांच्या शिरेत गुठळी होऊन गेली आहे त्यांना एरवी देतात ते वॉरफरिन गरोदरपणाच्या आरंभी गर्भाला बाधते, म्हणून तेही बदलावे लागते. (ते वॉरफरिन मुळात उंदीर मारण्यासाठी प्रसिद्धी पावलेले, हे घरच्या मंडळींना कुठून तरी कळले, म्हणजे आणखी एक रामायण.)

अशा वेळी माणसाचा धीर सुटतो आणि तो निश्चितपणा विकत घ्यायला निघतो. तो विकणारे पुष्कळ असतात. डॉक्टर म्हणतो ‘बहुतेक’, देवऋषी म्हणतो ‘हमखास’. शंभरातल्या नव्वदांना ‘हमखास’ हा शब्द अधिक विद्वान वाटतो. 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला हे चांगलेच झाले, पण निश्चितपणाची भूक काही कायद्याने भागत नाही. माझे म्हणणे असे की, ही भूक आमच्यासारख्या शाळामास्तरांनीच लावली. आम्ही वर्षानुवर्षे मुलांना एका प्रश्नाचे एकच उत्तर आणि त्याला दोन गुण, असे शिकवीत आलो.

आमच्या शाळेतले एक गृहस्थ याच्या नेमके उलट बोलतात. ते म्हणतात, ‘रोग्यापुढे हे आकडे कशाला मांडायचे? त्याला धीर पाहिजे असतो, हिशेब नको. आकडे पुढे टाकून “आता तुम्हीच ठरवा” म्हणणारा डॉक्टर आपली जबाबदारी झटकतो.’ या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. संशय लपवून ठेवणे ही जशी एक पळवाट, तशी सारा संशय रोग्याच्या पदरात ओतून हात धुणे ही दुसरी. पण तिसरी एक वाट आहे, आणि तिला फक्त थोडा वेळ लागतो. डॉक्टराने सांगावे की, इथवर ठाऊक आहे, यापुढे ठाऊक नाही, आणि तरीही मला असे असे करावेसे वाटते. ‘कागद म्हणतो’ असे नव्हे, तर ‘मला वाटते’ असे. त्या ‘मला’मध्ये एक माणूस उभा असतो, आणि कागदात तो नसतो. मग तिने ‘तुम्हीच ठरवा, डॉक्टर’ असे म्हटले तरी चालेल. पण निर्णय सोपवायचा असेल तर तो आधी तिच्या हाती आलेला असला पाहिजे. आज होते ते असे की, नवऱ्याला आणि दिराला आत बोलावून सांगतात आणि ती बाहेर बाकावर पिशवी धरून बसलेली असते.

संशय वाऱ्यावर राहत नाही. तो कोणावर तरी बसतो. न्यायालयाने तो कोणावर बसू द्यायचा नाही हे ठरवून टाकले. आमच्या घरांनी काहीच ठरवलेले नाही, म्हणून तो उतारावरच्या पाण्यासारखा सर्वांत खालच्या जागी जाऊन साचतो. मूल टिकले नाही, तिच्यात दोष. रक्तात काही निघाले, तिच्या चालीत दोष. काहीच निघाले नाही, तर दुखणेच खोटे, कामाचा कंटाळा! एकच कागद ‘आहे’ म्हणाला तरी तीच अपराधी आणि ‘नाही’ म्हणाला तरी तीच. मला विचाराल तर पुरावा समसमान असेल तिथे दोन गोष्टी पाहाव्यात. कोणती चूक मागाहून सुधारता येईल, आणि चूक झालीच तर ती कोणाच्या अंगावर निभवायची आहे. पोटावरचे डाग महिन्याभरात जातात. गेलेले मूल येत नाही. पण ते डाग ज्याच्या पोटावर पडायचे आहेत त्याचे मत पहिले. दिराचे नव्हे, सासूबाईंचे नव्हे, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराचे तर नव्हेच.

ती हो म्हणाली असे धरू. मग इंजेक्शन रोज ठरल्या वेळी कोण देणार हे तिला आणि नवऱ्याला बसून ठरवावे लागेल. सुई टोचायला तो बहुधा आधी नाही म्हणेल. दुसऱ्यांदा रक्त काढायची तारीख, बारा आठवडे मोजून, तिने आपल्या हाताने भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवावी. ती तारीख श्रावणात येत असेल तर धरणापलीकडची एस.टी. त्या दिवशी येईलच असे सांगता येत नाही. तेव्हा आदल्या दिवशीच पौडला मुक्कामाला यावे लागेल, आणि पिशवी तिची तिनेच धरावी.